बाई, मावशी आणि कंडक्टरदादांचे आभार

आमच्या लेकीला दिसत नाही, ऐकूही येत नाही. तिला शिकवणाऱ्या बाईंनी ‘नाव छापायचं नाही’ असा दमच दिलाय. १८८७ मध्ये शिक्षिका ॲन सुलिव्हन यांनी, दिसत-ऐकू येत नसलेल्या छोट्या हेलन केलरचा एक हात पंपाच्या पाण्याखाली धरून दुसऱ्या हातावर ‘वॉटर’ची अक्षरं बोटांनी उमटवली, बाई त्याच वाटेनं, न कंटाळता शिकवत राहिल्या. आता पोरगी खुणेनं पाणी मागते. रंकाळ्यावरच्या भेळवाल्या मावशी, गिऱ्हाईक खोळंबलं तरी तुम्ही चुरमुरे, कांदा, कैरी वेगवेगळं तिच्या हातात दिलंत. आणि केएमटीचे, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसचे कंडक्टरदादा! चढतानाच तिच्या हातात तिकीट ठेवलं की तिला बसमध्ये बसायचंय हे कळतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? सगळ्यांचे मनापासून आभार. एकदा घरी या, तांबडा-पांढरा आमच्याकडून.