रायगडातल्या बेने इस्रायल कबरी दोन्ही लिप्यांत नोंदवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

अलिबागजवळच्या नवगावचा स्मारकस्तंभ आपल्या खात्याला माहीत असेलच. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून बेने इस्रायल हा मराठी बोलणारा यहुदी (ज्यू) समाज वाढला, ही परंपरा तो स्तंभ सांगतो. हे पत्र मात्र रायगड जिल्ह्यात विखुरलेल्या साध्या कबरींबद्दल आहे. कुणाला आपला पणजोबा शोधायचा असेल तर त्या कबरींचे दगडच वाचावे लागतात.

१९४८ नंतर या समाजातली बहुतेक घरे इस्रायलला गेली. आता दिमोना, अश्दोद, बीरशेबाकडची नातवंडे-पतवंडे मूळ गाव शोधत येतात. त्यांना हिब्रू वाचता येते, देवनागरी येत नाही. आपल्या तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला देवनागरी येते, हिब्रू येत नाही. दगडावर दोन्ही लिप्या असतात आणि दोन्हींतला मजकूर पुष्कळदा वेगळा असतो.

हिब्रू ओळीत मृताचे धार्मिक नाव, ‘बेन’ (मुलगा) किंवा ‘बात’ (मुलगी) आणि पुढे वडिलांचे नाव येते. मराठी ओळीत घरात हाक मारायचे नाव, आडनाव, आणि कबर बाईची असेल तर नवऱ्याचे नाव. म्हणजे एकाच दगडावर बाईचे माहेर हिब्रूत सापडते आणि सासर मराठीत. एकच लिपी उतरवून घेतली की एक अख्खे घराणे हातचे गेले. नावांचेही तसेच. १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) उभारणारे दिवेकर हे सॅम्युएल एझिकिएल म्हणूनही ओळखले जातात आणि समाजी हसाजी म्हणूनही. ही जोडी ठाऊक नसेल तर शोधणारा दोन वेगळी माणसे समजतो.

आडनावावरून गाव कळते: किहीमकर, पेणकर, रोहेकर, आष्टमकर, वाकरूळकर, झिराडकर. पण कबर त्याच गावात असेल असे धरून चालू नये. आडनाव पूर्वज कुठे वसले ते सांगते. माणूस अखेरीस जिथे राहिला, तिथल्या दफनभूमीत शोधावे लागते. म्हणून घराण्याचा माग लागावा यासाठी दगडाच्या डाव्या-उजव्या बाजूला कोणाची कबर आहे हेही टिपून ठेवायला हवे.

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो) आणि बहुधा पाच हजारांचा आकडा गाळतात. तव ४००, रेश २००, ऐन ७०, तेत ९ असे कोरलेले असेल तर ६७९, म्हणजे ५६७९. यातून ३७६० वजा केले की १९१९ येते. पण हिब्रू महिना हेश्वान असेल तर मृत्यू ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर १९१८ चा, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या दिवसांतला. कारण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच बदलते आणि तिथून डिसेंबरअखेर ३७६१ वजा करावे लागतात. मराठी ओळीत शके १८४० असेल तर पडताळा लगेच मिळतो. दिवसात एकाचा फरक दिसला तरी कोरणाऱ्याला दोष देऊ नये: हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

अक्षरे तर फारच फसवी. ‘हे’ म्हणजे ५ आणि ‘हेत’ म्हणजे ८. दोघांत फरक एवढाच, की ‘हे’चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला टेकत नाही, मध्ये दाण्याएवढी फट असते. त्या फटीत चुना किंवा दगडफूल बसले की ‘हे’चा ‘हेत’ होतो आणि माणूस तीन वर्षे उशिरा मरतो. ‘दालेत’ (४) आणि ‘रेश’ (२००) यांत फरक फक्त वरच्या उजव्या कोपऱ्याचा. हिब्रू न जाणणाऱ्या रंगाऱ्याकडून अक्षरे काळी करून घेतली की तो कोपरा गोल होऊन जातो. तेव्हा महोदय, सुशोभीकरणाच्या निधीतून कबरींना रंग आणि चुना लावणे आधी थांबवावे.

तीच गत साफसफाईची. फरशी धुण्याचे ॲसिड संगमरवर खाते, तारेच्या ब्रशाने कडा झिजतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ठसा घेण्यासाठी पीठ, खडू काही चोळू नये. सकाळी किंवा उतरत्या उन्हात आरशाने प्रकाश कडेने पाडला की कोरीव अक्षरात सावली भरते आणि ते उठून दिसते. शिसे भरलेल्या अक्षरांतले शिसे गळून पडले असेल तर शिसे धरण्यासाठी पाडलेली बारीक भोके राहतात; त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते. तिथे सिमेंट भरले की तोही पुरावा बुजतो. कललेला दगड बसवताना चुन्याचा गारा वापरावा. सिमेंटमध्ये ओल कोंडते, आणि लोखंडी पट्टी खाऱ्या हवेत गंजून फुगते व दगड फोडते.

दगडाला कागदाची जोड लागते. तहसील कार्यालयातली गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे कोतवाल बुक, हा पहिला दुवा. जुन्या वह्यांत मोडी आहे. शोधताना ‘इस्रायल’ बरोबर ‘शनिवार तेली’ हेही पाहावे, कारण तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज त्याच नावाने ओळखला जाई.

आमची मागणी नेमकी आहे. पुरातत्त्व व पुराभिलेख या आपल्या दोन्ही संचालनालयांनी मिळून, एक हिब्रू वाचणारा आणि एक मोडी वाचणारा सोबत घेऊन, जिल्ह्यातल्या प्रत्येक बेने इस्रायल दफनभूमीचा नकाशा करावा. प्रत्येक कबरीला रांग आणि क्रमांक द्यावा. एक पूर्ण छायाचित्र, एक ओळी स्पष्ट दिसणारे. हिब्रू, मराठी आणि असेल तर इंग्रजी मजकूर जसाच्या तसा. न वाचलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न लिहिता रिकामी चौकट. ही नोंद सर्वांना खुली असावी. दफनभूमीचा सातबारावर उल्लेख नसेल तर महसूल खात्याकडून तो करून घ्यावा. २०१६ साली शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याला धरूनच हे काम आहे.

पावसाळ्यानंतर गवत वाळते आणि जमिनीलगतचे दगड दिसू लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने कामाचे, म्हणून आदेश दिवाळीआधी निघावा ही विनंती.

आपले नम्र,
कबरींवरील लेखांचे वाचक व अभ्यासक