ग्रँड केमनची पाकटं: मंदारला पत्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तुमची क्रूझ कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटापाशी थांबेल त्या दिवसासाठी, पाकटं (स्टिंगरे) बघायच्या ज्या तीन सहली तू पाठवल्यास, त्या नीट वाचल्या. निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. जहाजाच्या यादीतला तीन थांब्यांचा मोठा कॅटामरान नको आणि नुसत्या वाळूपट्टीची, म्हणजे उथळ पाण्यात पाकटं जमतात त्या जागेची, घाईची फेरीही नको. स्थानिक लोकांची ती वीस जणांची बोट घे, दोन थांब्यांची, सकाळी सुटणारी. तुम्ही सहा जण. त्यात काकांचे गुडघे धड नाहीत, काकूंना पोहता येत नाही आणि रोहू सहा वर्षांचा. सहल निवडायची ती या तिघांकडे बघून. तुला, वहिनींना आणि ईराला कुठलीही बोट चालेल.

थांबे वाढले की पाण्यातला वेळ घटतो. चार तासांची सहल मांडून बघ. धक्क्यावर माणसं जमवून बसने मरीनापर्यंत न्यायला अर्धा तास. तिथून नॉर्थ साउंड या खाडीतून वाळूपट्टी गाठायला बोटीला अर्धा ते पाऊण तास. परतीला पुन्हा तेवढाच. सव्वादोन तास इथेच गेले. उरलेले पावणेदोन तास तीन ठिकाणी वाटायचे आणि प्रत्येक ठिकाणी बोटभर माणसं एक-दोन शिड्यांवरून उतरवायची, चढवायची, मोजायची. काकांचा नंबर लागेपर्यंत परत चढायची शिट्टी व्हायची. दोनच थांबे आणि वीस माणसं असली की वाळूपट्टीवर निवांत पाऊण तास मिळतो आणि प्रवाळाजवळही जवळपास तेवढाच. तिसरा थांबा बहुधा स्टारफिश पॉइंटचा, म्हणजे तारामासे दिसतात त्या किनाऱ्याचा असतो. जागा सुंदर आहे, रोहूला आवडेलही, पण पाकटांच्या वाटणीतली पंधरा मिनिटं त्याच्यासाठी देऊ नकोस.

सकाळचीच बोट का, तर दुपारकडे वारा वाढतो आणि गर्दीने वाळू ढवळली जाते. पाणी ताकासारखं झालं की पायाशी पाकट आलंय की नाही ते कळत नाही. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते वेळापत्रकावर आधीच बघून ठेव. शाळांच्या मार्चमधल्या सुट्ट्यांत तीन-चार जहाजं एकदम येतात.

आता घड्याळाचं. केमनमध्ये वर्षभर एकच वेळ असते, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. तुम्ही मार्चच्या शेवटी मायामीहून निघताय, तेव्हा मायामीची घड्याळं पुढे गेलेली असतील. म्हणजे केमन मायामीच्या एक तास मागे. काही जहाजं बंदराची वेळ घेतात, काही स्वतःचीच चालू ठेवतात. आणि खिशातला फोन मात्र किनाऱ्याचं नेटवर्क मिळताच गुपचूप बदलतो. माणसं जहाज चुकवतात ती अशी. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात जहाजाची वेळ छापलेली असते. एक साधं हातातलं घड्याळ त्या वेळेला लाव आणि दिवसभर त्याचंच ऐक. बोटवाल्याला सुटायची वेळ विचारताना 'स्थानिक की जहाजाची' हा प्रश्न लेखी विचार.

हे एवढं सांगतोय कारण स्थानिक बोटीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाकडून घेतलेल्या सहलीसाठी थांबतं. तुमचं जहाज चारला निघणार आणि किनाऱ्यावरून जहाजावर नेणारी शेवटची छोटी बोट त्याच्या बरीच आधी. तुम्ही एकच्या सुमाराला धक्क्यावर परत असाल, म्हणून हा धोका मी पत्करायला सांगतोय. बोट दुपारची असती तर जास्त पैसे मोजून जहाजाचीच घे म्हटलं असतं. केमनला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते जॉर्ज टाउन या राजधानीसमोर उभं राहतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून माणसांना किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा सकाळी उठल्याउठल्या क्रमांक घे, नाश्ता नंतर. टेंडरमध्ये पाऊल टाकताना दोन्ही बोटी वरखाली होत असतात. खलाशी हात पुढे करतात. काकांनी त्यांचं मनगट धरण्यापेक्षा त्यांना आपला दंड धरू द्यावा.

हवेचं मात्र कुणाच्या हातात नाही. हिवाळ्यापासून मार्चपर्यंत उत्तरेकडून थंड वाऱ्याचा पट्टा उतरतो, त्याला तिथे नॉरवेस्टर म्हणतात. नॉर्थ साउंडचं तोंड उत्तरेलाच, त्यामुळे लाट आत घुसते आणि वाळूपट्टीच्या फेऱ्या बंद होतात. कधी टेंडर दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्सला लावतात, कधी जहाज केमन टाळून पुढेच जातं. 'जहाज आलं नाही तर पूर्ण पैसे परत' हे वाक्य लेखी नसेल तर ती बोट सोडून दे, कितीही स्वस्त असो. भाव कुठल्या डॉलरमध्ये आहे तेही बघ. तिथला डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा महाग, १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकी.

आता पाकटांकडे वळू. काकूंशी बोलताना 'स्टिंगरे' म्हणू नकोस, 'पाकट' म्हण. कोकणातल्या बाजारात त्यांनी शेपूट तोडलेलं पाहिलेलं असेल. इथली जात मोठी. मादी पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दीड मीटरपर्यंत भरते, नर बराच लहान. पूर्वी कोळी प्रवाळाच्या भिंतीआडच्या शांत पाण्यात मासे साफ करायचे आणि आतडी टाकून द्यायचे. त्यावर पाकटं जमू लागली. १९८० च्या दशकात डायव्हर लोकांनी त्यांना हाताने भरवायला सुरुवात केली आणि तिथून हे सगळं वाढलं. त्याची किंमत त्या जिवांनी मोजलीय, हेही सांगायला हवं. एरवी पाकट रात्री एकटं फिरून खातं. इथली दिवसा वावरतात आणि दाटीने राहतात, म्हणून त्यांना जखमा आणि परजीवींचा त्रास जास्त होतो, असं अभ्यासकांना आढळलंय. २०१२ च्या मोजणीत त्यांची संख्या घटलेली दिसली आणि २०१३ मध्ये केमनच्या पाण्यातल्या सगळ्या पाकटांना कायद्याचं संरक्षण मिळालं. तिथे पाकट पाण्याबाहेर उचलणं गुन्हा आहे, खाऊ किती घालायचा त्यालाही मर्यादा आहे आणि उथळ पाण्यात पायात काही घालायला बंदी आहे. बोटवाल्याच्या जाहिरातीत माणसांनी पाकट हवेत धरलेले फोटो दिसले तर मला तो बोटवाला नको, आणि तुलाही नसावा.

पाकटाचं अंग जवळून बघायला रोहूला वेळ दे. पाठ वाळूच्या रंगाची, मधोमध थोडी खरखरीत; पोट भिजवून सोललेल्या बदामासारखं पांढरं आणि गुळगुळीत. डोळे वर, त्यांच्यामागे दोन भोकं उघडझाप करतात, तिथून ते पाणी आत ओढतं. तोंड मात्र खाली. म्हणजे खाताना त्याला खाऊ दिसतच नाही. वासावर आणि स्पर्शावर येतं आणि नळीने ओढल्यासारखं शोषून घेतं. म्हणूनच खाऊचं म्हाकुळ (स्क्विड) सपाट तळहातावर ठेवायचं आणि अंगठा बोटांना चिकटवायचा. अंगठा वर राहिला की तोही खाऊच समजून ओढला जातो. तोंडात कुटायच्या चपट्या पट्ट्या असतात, त्यामुळे जखम होत नाही, पण चांगला चिमटा बसतो. काकू शाकाहारी आहेत, म्हाकुळ हातात घ्यायची गरज नाही. नुसतं उभं राहिलं तरी पाकट पोटरीला घासून जातंच. तेव्हा ओरडायचं नाही आणि पाय उचलायचा नाही.

काटा शेपटीवर असतो, टोकाला नाही, बुंध्याच्या बाजूला. तो फक्त बचावासाठी. पाकटावर वरून पाय पडला किंवा कुणी त्याला दाबून धरलं तरच शेपूट उलटते. म्हणून वाळूत पावलं उचलून चालायचं नाही, घासत चालायचं. पाय आला की ते आपणच सरकतं. कुठल्याही पाकटाच्या मागे धावायचं नाही आणि शेपटीच्या बाजूला उभं राहायचं नाही, हे दोन नियम मुलांना विमानातच पाठ करून घे. काका २००६ मध्ये पाकटाच्या काट्याने दगावलेल्या, टीव्हीवरच्या प्राण्यांच्या कार्यक्रमांतल्या स्टीव्ह अर्विनची आठवण काढतील. तो ऑस्ट्रेलियात उथळ पाण्यात एका रानटी पाकटाच्या अगदी वर पोहत होता आणि काटा छातीत गेला. इथली माणसाळलेली आहेत. तरीही काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायची, साधारण ४३ ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास. विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने त्याचा जोर जातो आणि ठणका उतरतो. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून बघावं. छातीत, पोटात किंवा मानेत रुतलेला काटा उपसायचा नाही, थेट डॉक्टर.

वाळूपट्टीवर पाणी ३ ते ४ फूट असतं असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण तुझ्या मोजमापाने. रोहूची उंची पावणेचार फूट असेल तर चार फुटांत त्याचे पाय टेकणार नाहीत, आणि वर एक फुटाची लाट आली की काकूंच्याही खांद्यापर्यंत येईल. दोघांनाही बोट सुटायच्या आधी लाइफ जॅकेट. रोहूला त्याच्या मापाचं, दोन पायांमधून पट्टा असलेलं. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते वर सरकून कानाशी येतं. मार्चमध्ये पाणी २६ अंशांच्या आसपास असतं. आपल्याला सुखद, पण बारीक पोर अर्ध्या तासात कुडकुडतं, म्हणून त्याला पातळ निओप्रीनचा अंगरखा. काकूंना पूर्ण बाह्यांचा लायक्रा टॉप आणि लेगिंग्ज. ओढणी, सुती कुर्ता पाण्यात नको, भिजून जड होतात आणि पायात येतात. अंग झाकलं की सनस्क्रीनही कमी लागतं आणि पाकटांच्या अंगावरच्या चिकट आवरणावर ते कमी चोळलं जातं. मंगळसूत्र, जोडवी, अंगठ्या केबिनच्या तिजोरीत.

बोटवाल्याला शिडीचा फोटो मागव, हे विसरू नकोस. उतरताना पाणी माणसाला उचलून धरतं. चढताना भिजलेलं सगळं वजन गुडघ्यांवर येतं, तेही दमल्यावर. सरळ उभी, गोल दांड्यांची शिडी काकांना जमणार नाही. रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा.

दुसरा थांबा कोरल गार्डन्सचा, म्हणजे मास्क आणि नळी लावून प्रवाळ बघायचा (स्नॉर्केलिंग). तिथे पाय टेकत नाहीत आणि टेकवायचेही नाहीत. पाय लागला तर प्रवाळ मरतं, आणि त्यातलं फायर कोरल अंगाला घासलं तर भाजल्यासारखी आग होते. मालवणला हौशी माणसाला रिंग धरायला देऊन गाइड ओढत नेतो. इथे एक गाइड आणि वीस माणसं. म्हणून काकू बोटीवरच बसतील. काकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? त्यांनी डॉक्टरांना 'स्नॉर्केलिंग करू का' असंच विचारावं, 'पोहू का' असं नाही. नळीतून श्वास घ्यायला जास्त जोर लागतो आणि उतारवयात हृदयावर तो ताण येतो. जरा जरी शंका असली तरी त्यांच्यासाठी वाळूपट्टी पुरेशी आहे.

ईराचा मास्क आत्ताच विकत घे. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा, हात सोडायचा. चिकटून राहिला तर माप बरोबर. पाणी झिरपलं की सगळे पट्टा आवळतात आणि त्याने कड वाकडी होऊन आणखी पाणी येतं. खरं कारण बहुतेक वेळा कडेखाली अडकलेला केस असतो. टिकली असते. काकांच्या बाबतीत मिशी: नाकाखालची एक बारीक रेघ साफ केली किंवा तिथे सिलिकॉन ग्रीस लावलं तर बसतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून एकदा विसळायचं. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ नकोस. त्यात सोडलेली हवा पुन्हा आत जाऊ शकते आणि घाबरल्यावर तो झटकन निघत नाही.

श्वास लांब आणि सावकाश, सोडताना पूर्ण. भराभर उथळ श्वास घेतला की जुनी हवा नळीतच राहते, गुदमरल्यासारखं वाटतं, मग माणूस आणखी भराभर घेतो. असं झालं की उताणं व्हायचं, मास्क वर, बस. नळीत पाणी शिरलं तर 'हुप्' करून एका झटक्यात फुंकायचं. बऱ्याच जहाजांच्या तलावात मास्क घालू देत नाहीत, म्हणून सराव घरीच. ईराने बाथटबमध्ये आणि काकांनी नाशिकला मोठ्या पातेल्यात तोंड घालून रोज पाच मिनिटं.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली टिकत नाही. झोप आणणारी गोळी घेऊन पाण्यात उतरायचं नाही, कोणती चालेल ते डॉक्टरांना विचार. काका-काकूंचा अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, तेवढं पासपोर्ट उघडून बघ. जहाज परत मायामीलाच येणार, पण तो नवा प्रवेश धरतात.

बोटवाल्याला आजच लिही: शिडीचा फोटो, लहान जॅकेट, वेळ कुठली, पैसे परतीची अट. उत्तर आलं की मला पाठव, बुकिंग करण्याआधी.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग