अणुशक्तीवरची विनाशिका: आधी वाफेचा हिशेब करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अणुशक्तीवर चालणाऱ्या विनाशिकांची (डिस्ट्रॉयर युद्धनौकांची) बाजू मांडताना ‘इंधनाची चिंताच नाही’ असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १८ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ३० नॉटवर जायचे तर साडेचार पटींहून जास्त शक्ती लागते आणि मैलामागे तेल सुमारे पावणेतीन पट जळते. त्यामुळे दिवसच्या दिवस भर वेगात धावायचे असेल तर अणुभट्टीला तोड नाही. पण ‘आयएनएस विशाखापट्टणम’ या आपल्या विनाशिकेवर १६ ब्राह्मोस आणि ३२ बराक क्षेपणास्त्रे आहेत, ती संपली की भरायला बंदरातच यावे लागते. हेलिकॉप्टरच्या इंधनासाठी आणि शिधासामग्रीसाठी रसद नौका लागतेच. सोबतच्या नौका तेलावरच्या असतील, तर ताफ्याचा वेग त्यांच्या टाक्यांवरच ठरतो.

अणुभट्टीतूनही शेवटी वाफच मिळते, आणि कोल्हापूर जिल्ह्याला वाफ नवी नाही. साखर कारखान्यांच्या को-जन (सहवीजनिर्मिती) प्रकल्पांत टर्बाइनला दर चौरस सेंटीमीटरला ८७ किंवा ११० किलो दाबाची, ५०० अंशांवरची कोरडी वाफ मिळते. जहाजावरच्या अणुभट्टीत मात्र गाभ्यातले, म्हणजे अणुइंधनाभोवतीचे, पाणीच सुमारे ३०० अंशांवर असते. त्याच्या उष्णतेवर वाफ जनित्रात वेगळ्या पाण्याची होणारी वाफ त्याहून थंड आणि ओलसर. पाण्याचे थेंब टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांवर आदळून पाती झिजतात, आणि कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास अडते. अमेरिकेच्या आर्ले बर्क वर्गातील विनाशिकेची चार गॅस टर्बाइन मिळून सुमारे ७५ मेगावॉट शक्ती देतात. तेवढी शक्ती काढायला अणुभट्टीची ३०० मेगावॉट उष्णता हवी. आपल्या ‘अरिहंत’ या आण्विक पाणबुडीची भट्टी ८३ मेगावॉटची असल्याचे प्रसिद्ध आहे. म्हणजे पाणबुडीतली भट्टी उचलून विनाशिकेत बसवली, असे होणार नाही. नवी भट्टी आणि तिची कल्पाक्कमसारखी जमिनीवरची चाचणी प्रतिकृती, सगळे मुळापासून करावे लागेल.

आणखी एक दुखणे कंडेन्सरचे, म्हणजे वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राचे. तो समुद्राच्या पाण्याने थंड होतो. एखाद्या नळीला सुईएवढे छिद्र पडले तरी समुद्राच्या मिठातले क्लोराइड फीडवॉटरमध्ये (वाफेसाठी परत जाणाऱ्या पाण्यात) शिरते, वाफ जनित्राच्या नळ्यांच्या सांध्यांत साचत जाते आणि नळ्यांना तडे जातात. मग गाभ्याकडचे किरणोत्सारी पाणी टर्बाइनच्या बाजूला येण्याची वाट मोकळी होते. साखर कारखान्यात कंडेन्सेटमध्ये (वाफेच्या थंड झालेल्या पाण्यात) साखर आली का, हे अल्फा नॅप्थॉल या रसायनाने पाहतात. इथे पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चोवीस तास नजर ठेवावी लागते. त्यासाठी तयार केलेली माणसे हवीत, आणि आज अशा माणसांची खरी गरज पाणबुड्यांना आहे.

भट्टी बंद केली म्हणून ती लगेच थंड होत नाही. ३०० मेगावॉटची भट्टी बंद केल्या क्षणी सुमारे २० मेगावॉट आणि दिवसभरानंतरही दीडेक मेगावॉट उष्णता देत राहते. विनाशिका मार खाणारी नौका आहे. क्षेपणास्त्र लागून जनित्रे आणि पंप एकदम गेले तरी गाभ्यातले पाणी फिरत राहील, याची सोय आराखड्यातच असली पाहिजे.

हा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. अमेरिकेची ‘बेनब्रिज’ ही अणुशक्तीवरची युद्धनौका १९६२ मध्ये सेवेत आली. विमानवाहू नौका सोडून अशा एकूण नऊ नौका झाल्या आणि १९९९ पर्यंत सगळ्या निवृत्त केल्या गेल्या. मध्येच गाभा बदलण्याचा खर्च आणि वाढीव कर्मचारी परवडेनात. रशियाची अणुशक्तीवरची क्रूझर ‘अॅडमिरल नखिमोव्ह’ १९९९ मध्ये दुरुस्तीला गेली, ती सागरी चाचण्यांसाठी बाहेर पडायला २०२५ उजाडले. ‘लीडर’ वर्गाच्या आण्विक विनाशिकेची प्रतिकृती रशियाने २०१५ मध्ये मांडली. २०२० मध्ये ते काम थांबल्याचे समोर आले. न्यूझीलंडने तर १९८७ च्या कायद्याने अणुशक्तीवरच्या नौकांना आपल्या बंदरात बंदीच घातली आहे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन आण्विक हल्ला पाणबुड्यांना मंजुरी दिली. भट्टी, माणसे आणि पैसा आधी तिकडे जावा. पाणबुडीला हवेविना महिनोन्महिने पाण्याखाली राहायचे असते, तिथे अणुशक्तीला पर्याय नाही. विनाशिकांसाठी गॅस टर्बाइन आणि विद्युत प्रणोदन (विजेच्या मोटरने जहाज चालवणे) यांची सांगड घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यातला एक भाग कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांसाठी. पाणबुडीसाठी असो वा विनाशिकेसाठी, भट्टीच्या पाण्याला लागणारे पंपाचे केसिंग किंवा व्हॉल्व्हची बॉडी ओतायची तर ब्लो-होल (वायूची पोकळी) आणि श्रिंकेज (आकुंचनाची पोकळी) याइतकाच कोबाल्ट महत्त्वाचा. झिजलेल्या धातूचे कण पाण्याबरोबर गाभ्यात जातात, तिथे त्यातल्या कोबाल्टचा कोबाल्ट-६० होतो आणि तो पुढे पाइपांच्या आत चिकटून बसतो. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे. म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच घटतो, आणि दुरुस्तीला जाणारा प्रत्येक फिटर किरणोत्सार अंगावर घेतो. व्हॉल्व्हच्या सीटवर चढवतात त्या स्टेलाइट या कठीण मिश्रधातूमध्ये निम्म्याहून अधिक कोबाल्टच असतो. निकेलमध्ये तो निसर्गतःच मिसळलेला, म्हणून स्टेनलेसच्या स्क्रॅपमधूनही येतो. वितळवताना तो स्लॅगमध्ये (वर तरंगणाऱ्या मळीत) जात नाही, लोखंडाबरोबर खालीच राहतो. तेव्हा चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या मालात) बाहेरचे मिश्र स्क्रॅप घालू नये. स्पेक्ट्रोमध्ये (धातूचे घटक मोजणाऱ्या यंत्रात) कोबाल्टचा चॅनेल आहे का, हे आधी पाहावे. प्रत्येक हीट नंबरचा (भट्टीच्या एका खेपेचा) नमुना जपून ठेवावा आणि वेल्डिंगने भरलेल्या प्रत्येक जागेची रेडिओग्राफीसह नोंद करावी. ड्रॉइंगवर कोबाल्टची मर्यादा नसेल तर ऑर्डर घेण्याआधी ग्राहकाकडून लेखी मागून घ्यावी, कारण एकदा ओतलेल्या कास्टिंगमधून कोबाल्ट काढता येत नाही.

आपले,
सागरी व बाष्पयंत्र क्षेत्रातील निवृत्त अभियंते, कोल्हापूर