रविवारी आई-बाप न मिळणारी मुलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत माथेरानवर लेख आला. फोटो सुरेख होते. सुरुवात नेहमीसारखी 1850 मध्ये डोंगर चढून आलेल्या मॅलेटसाहेबापासून, मग 1907 ची झुकझुक गाडी, मग तांबडी माती, माकडं आणि चिक्की. शेवटी लेखकाने म्हटलं आहे की इथली मुलं मोठी नशीबवान, ना धूर, ना हॉर्न, ना ट्रॅफिक. मी डोंबिवलीची. लग्न होऊन इथे आले त्याला एकोणीस वर्षं झाली. दोन मुलं इथेच वाढवते आहे. नशीबवान म्हणालात ते खोटं नाही, पण त्या नशिबाची दुसरी बाजूही कुणीतरी छापावी म्हणून हे पत्र.

आधी चांगलं ते सांगते, म्हणजे मी रडगाणं गाते आहे असं वाटायला नको. माझा मुलगा सहावीत आहे. पहिलीपासून एकटा शाळेत जातो आणि त्याच्या मागे कुणी धावत नाही. शीळ ऐकून कस्तुर पक्षी ओळखतो, करवंदं कुठल्या जाळीत आधी पिकतात ते त्याला ठाऊक असतं. माकड डब्यावर आलं तर डबा कसा धरायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे तो गावात आलेल्या मोठमोठ्या माणसांना शिकवतो. मागे त्याला डोंबिवलीला माहेरी नेलं तर रस्त्याच्या मधोमध निवांत चालायला लागला. मी ओढून बाजूला घेतला तर म्हणतो, "अगं, ते जातील ना बाजूने." घोडे जातात बाजूने. त्याला वाटलं रिक्षाही जातील.

आता दुसरी बाजू. आमचं बाजारात चपलांचं छोटं दुकान आहे आणि घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. 2011 च्या जनगणनेत गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आत होती आणि शनिवार-रविवारी गावकऱ्यांपेक्षा पाहुणे जास्त दिसतात. सगळ्यांचं पोट त्या दोन दिवसांवर. त्यामुळे ज्या दिवशी मुलांना सुट्टी, त्या दिवशी आई-बापाला श्वास घ्यायला फुरसत नाही. दिवाळीची सुट्टी म्हणजे सीझन, नाताळ म्हणजे सीझन, मे महिना तर विचारूच नका. "सुट्टीत कुठे गेला होतात" हा निबंध आमच्या मुलांना दर वर्षी येतो आणि बहुतेक मुलं खोटा लिहितात. माझ्या मुलाने एकदा खरा लिहिला होता. त्यात त्याने सुट्टीत किती चपला विकल्या ते लिहिलं, साइझसकट.

मागच्या दोन खोल्यांपैकी एक खरं तर मुलांची आहे. सीझनला ती रिकामी करायची. अंथरुणं, दप्तरं दुकानाच्या माळ्यावर. भिंतीवर चिकटवलेला पाढ्यांचा तक्ता आणि मुलीचं वेळापत्रक काढून ठेवायचं, कारण पैसे देऊन राहणाऱ्याला दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखं वाटता कामा नये. तक्ता इतक्या वेळा काढून लावलाय की चारही कोपरे फाटलेत आणि सतराचा पाढा अर्धाच उरलाय. यात पाहुण्यांचा काय दोष? त्यांच्यामुळेच तर फी भरली जाते. पण दहावीची परीक्षा संपते न संपते तोच खोली सोडायची, आणि आई रात्री अकरापर्यंत चादरी बदलत असते, हे मुलं बघत असतात. माझ्या मुलीला पाहुणचार करायला अजिबात आवडत नाही. ती म्हणते, मी मोठी झाले की माझ्या खोलीला आतून कडी असेल.

ही मुलगी आता अकरावीला कर्जतला जाते. तिला सायन्स घ्यायचं होतं. पहाटे पावणेपाचला उठते, सव्वापाचला घर सोडते. बाजारातून दस्तुरीपर्यंत, म्हणजे जिथपर्यंत मोटारींना येऊ देतात तिथपर्यंत, रुळांच्या कडेने पाऊण तासाची चाल, अंधारात. तिचे वडील बॅटरी घेऊन सोबत जातात आणि परत येऊन दुकान उघडतात. दस्तुरीला टॅक्सीत माणसं भरेपर्यंत थांबायचं, नऊ किलोमीटर घाट उतरून नेरळ, तिथून लोकलने भिवपुरी रोड आणि मग कर्जत. गाव आणि दस्तुरीजवळचं अमन लॉज स्टेशन यांच्यात धावणारी शटल गाडी सुरू होईपर्यंत तिचा पहिला तास संपलेला असतो. नेरळहून येणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात बंदच, आणि चालू असते तेव्हाही ती कॉलेजला जाणाऱ्यांसाठी नाही, ती मजेसाठी आहे. तिची मजा मलाही वाटते. पण तीच गाडी 2016 मध्ये डबे घसरल्यावर बंद पडली, 2019 च्या पावसात रूळ वाहून गेले आणि नेरळपासूनची गाडी 2022 च्या ऑक्टोबरात पुन्हा धावली, तेव्हा बातम्यांमध्ये "पर्यटकांना दिलासा" एवढंच होतं.

ही पायपीट टाळायची तर दुसरा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. नेरळला किंवा बदलापूरला खोली भाड्याने घ्यायची, आई मुलांना घेऊन खाली, बाप वर. आमच्या आळीतल्या तीन घरांनी हेच केलं आहे. मुलं रविवारी वर येतात, बापाला भेटायला. आणि रविवारी बाप कुठे असतो ते वर सांगितलंच. हुतात्मा भाई कोतवाल याच गावात 1912 मध्ये जन्मले. नाभिक कुटुंबातला मुलगा, पण शिकत शिकत वकील झाला. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर त्यांना वीरमरण आलं, त्या तारखेला आमची मुलं भाषणं पाठ करतात. माझ्या मुलानेही केलं. शिकण्यासाठी भाई डोंगर उतरले तेव्हा पारतंत्र्य होतं, हे एक कारण तरी सांगता येतं.

ई-रिक्षांबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही आणि लिहिलं तर गावात चार लोक बोलायचे बंद होतील. डिसेंबर 2022 मध्ये त्या प्रायोगिक तत्त्वावर आल्या तेव्हा शाळेच्या पोरांनी पहिल्यांदा दप्तर मांडीवर घेऊन प्रवास केला. इथे इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा भाग, 2003 पासून आहे, मोटारी नकोत हे मलाही मान्य आहे, मीही त्याच शांततेवर जगते. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं. त्याच दिवसांत मुलाच्या वर्गात कसलासा फॉर्म भरायचा होता, "वडिलांचा व्यवसाय" या रकान्याचा. त्याच्या बाकावर तिघं बसतात. एकाचे वडील हातरिक्षा ओढतात, एकाचे घोडा चालवतात. रिक्षावाल्याच्या मुलाने लिहिलं, "ई-रिक्षा चालक", आणि मग कंसात, "होणार". घोडेवाल्याच्या मुलाने ते वाचलं आणि दिवसभर बोलला नाही. कारण ई-रिक्षा वाढल्या तर घोड्यावर कोण बसणार, हे त्याच्या घरी रोज रात्री ऐकू येतं. मातीच्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात की नाही, यावरून मोठी माणसं कोर्टापर्यंत भांडली. ते भांडण सहावीच्या बाकावर असं येऊन बसतं. माझा मुलगा मधे बसतो. घरी येऊन मला विचारलं, आपल्या दुकानाचं काय बंद होणार आहे? मी म्हटलं, काही नाही. लोक चालले तर चपला झिजणार, नाही चालले तर आपण चिक्की विकू. हसला, पण पटलेलं दिसलं नाही.

पावसाळ्याचं एवढंच सांगते की जुलैत ढग वर्गात येतो, ही कविता नाही. फळा ओला असतो, खडू उमटत नाही, वह्यांना बुरशी येते, गणवेश चुलीवर दोरी बांधून वाळवायचा आणि मूल दिवसभर धुराचा वास घेऊन फिरतं. हिमालयातल्या थंड गावांमध्ये शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात असते, कारण तिथला वाईट काळ तो. आमचा वाईट काळ जुलै आहे. मेच्या सुट्टीतले पंधरा दिवस जुलैत आणले तर मुलं घरी असतील तेव्हा आम्हीही घरी असू, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसतं. यावर गावातच विरोध होईल. मेमध्ये मुलं दुकानात हवी असतात, हे खरं कारण कुणी उघड बोलणार नाही. मी बोलते, कारण माझीही बसतात.

सुट्ट्यांचं कुणाच्या हातात आहे मला नक्की सांगता येत नाही, म्हणून ते राहू दे. पण गावातल्या ई-रिक्षांची वेळ ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. पहाटे साडेपाचला बाजारातून दस्तुरीला आणि संध्याकाळी परत, अशी एक एक फेरी फक्त विद्यार्थ्यांसाठी ठेवा. दिवाळीत ठेवा, शनिवारी ठेवा, पाहुण्यांची रांग अमन लॉज स्टेशनपर्यंत गेली तरी ठेवा. त्या वेळेला पाहुणे झोपलेले असतात, त्यामुळे सकाळच्या फेरीने कुणाचं एक पैशाचं नुकसान नाही. शाळेच्या वेळेलाही थोडं बघावं. मुलं आणि सुटकेसवाले एकाच रांगेत उभे असतात आणि सुटकेस आधी जाते, हे मी रोज दुकानाच्या फळीवरून बघते.

मागच्या मंगळवारी मी हे मुलीला वाचून दाखवलं. तिने "अकरावी" खोडून "बारावी" करायला सांगितलं, कारण कुणी ऐकेपर्यंत ती बारावीत गेलेली असेल. मी खोडलेलं नाही.

आपली,
एक वाचक, माथेरान (जि. रायगड)

(नाव छापू नये ही विनंती. गाव लहान आहे.)