सिस्टर, तुम्ही माझी वही वाचलीत

आदरणीय सिस्टर,

निवृत्तीनंतर गावी पोचल्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "आभारबिभार मानत बसू नकोस, माझं कामच होतं ते." तुमचं ऐकायची मला सवय आहे, पण हे ऐकणार नाही. आणि पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण वॉर्डात नव्याने लागणाऱ्या मुलींना कळू दे की इन्चार्ज सिस्टर ड्युटी लावण्यापलीकडे माणसासाठी काय करू शकते.

मार्च संपला की आपल्याकडे प्रत्येकीच्या वर्षभराच्या कामाच्या गोपनीय अहवालाची धावपळ सुरू होते. आपल्याबद्दल आपणच लिहायचं म्हटलं की आम्ही सगळ्याजणी एकमेकींच्या कागदात डोकावून तेच ते लिहायचो. मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर. उणिवा? निरंक. त्या वर्षी तुम्ही माझा कागद परत दिलात आणि म्हणालात, "वक्तशीरपणाचा तुला पगार मिळतो. तू नसलीस तर या वॉर्डात काय अडेल, ते लिही." मला एक ओळ सुचली नाही. काहीच अडणार नाही, असंच मला मनापासून वाटत होतं.

पुढे तुमच्याकडूनच कळलं की २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या खटल्यात सांगितलं आहे, अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवायला हवा, चांगला असो की वाईट. त्याआधी प्रतिकूल शेरे तेवढे कळवायची रीत होती. म्हणजे पिढ्यान् पिढ्या नोकरदार माणसाला आपलं काय चुकतं एवढंच लेखी मिळत आलं. आपलं काय चांगलं आहे ते फायलीत राहिलं. घरातही आपण वेगळं काय करतो? मला तरी तोवर कुणी बसवून सांगितलं नव्हतं.

तुम्ही मला एक वही आणायला सांगितलीत. ड्युटी संपली की तीन गोष्टी लिहायच्या: काय पाहिलंस, काय केलंस, कोणाला सांगितलंस. सकाळपाळी सुटल्यावर परळहून दुपारच्या गाडीत बसायला जागा मिळते, तिथे मी लिहायची. रात्रपाळीनंतर मात्र डोळे उघडे ठेवणंच कठीण, तेव्हा दोन ओळींवर भागवायची. तुम्ही त्यालाही कधी नाव ठेवलं नाहीत.

मग पावसाळा आला. परळजवळचा हिंदमाता चौक पाण्याखाली, अर्धा स्टाफ वाटेत अडकलेला आणि बालरोग वॉर्डात डेंग्यूची मुलं, एकेका खाटेवर दोन-दोन. त्या दिवसांतलं एक पान तुम्ही लाल पेनाने गोल करून परत दिलंत. मी लिहिलं होतं: "ताप उतरला म्हणून आई खूश आहे. मूल मात्र गप्प. पाय गार." बाजूला तुमचा प्रश्न होता: हे तुला कसं कळलं?

मला प्रश्नच समजला नाही. हात लावला की कळतंच की! तेव्हा तुम्ही मला खुर्चीवर बसवून सांगितलंत. डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमाराला खरा धोका सुरू होऊ शकतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, शरीराला रक्त पुरेनासं होतं (यालाच शॉक म्हणतात), हातपाय गार पडतात, आणि लहान मुलांचं बीपी मात्र बराच वेळ टिकून राहतं. बीपी कोसळल्यावर धावायचं म्हणजे फार उशीर. "हे पुस्तकात आम्ही सगळ्यांनीच वाचलंय," तुम्ही म्हणालात. "पण भरलेल्या वॉर्डात चालता चालता त्या एकाच पोरापाशी तुझे पाय थांबतात. ते सगळ्यांचे थांबत नाहीत." मी म्हटलं, सिस्टर, हे तर सोपं आहे. त्यावर तुमचं उत्तर होतं, "तुला सोपं आहे. म्हणूनच तू ते मोजत नाहीस."

त्या वाक्यावर मी फार विचार केलाय. माझ्या आईचं लालबागला चाळीत पाळणाघर होतं. शाळेतून आले की माझ्या मांडीवर कुणाचं ना कुणाचं मूल असायचं. कोणतं भुकेनं रडतंय, कोणतं झोपेला आलंय आणि कोणाचं काहीतरी बिनसलंय, हे मी कधी शिकलेच नाही, ते अंगात मुरत गेलं. जे कष्ट करून मिळवलं, ते आपल्या लक्षात राहतं. इंग्रजीतून रिपोर्ट लिहायला शिकले त्याचा मला अभिमान होता. आणि वॉर्डाला खरी गरज ज्याची होती, त्याची माझ्या लेखी किंमत शून्य! नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सिंगमधल्या कौशल्यावर लिहिताना हेच दाखवलं की मुरलेल्या नर्सला रुग्णाची अवस्था एकदम, सगळी मिळून कळते, पण कशी कळली ते तिला सांगता येतंच असं नाही. लुफ्त आणि इंगहॅम या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या, स्वतःची ओळख चार तावदानांत दाखवणाऱ्या 'जोहारी खिडकी'तही एक तावदान असं आहे, ज्यातून आपण इतरांना दिसतो पण स्वतःला नाही. त्या तावदानात आपले दोषच असणार, असं मी धरून चालले होते. तुम्ही मला तिथे माझं बळ दाखवलंत.

आणि मग त्याच वहीतला तिसरा प्रश्न. कोणाला सांगितलंस? पानं उलटत तुम्ही त्यावर बोट ठेवलंत, तेव्हा मला खूप लागलं होतं. पहिल्या दोन उत्तरांना ओळी पुरत नव्हत्या, तिसऱ्यापुढे एखादा शब्द. मी सांगायची, पण कशी? रेसिडेंट डॉक्टर घाईत असले की दबक्या आवाजात, "बाळ जरा बरं वाटत नाहीये." असं वाक्य गर्दीच्या वॉर्डात कुणाच्या कानावर टिकणार? तुम्ही मागे उभ्या राहून तीच गोष्ट आकड्यांसह पुन्हा सांगायचात, आणि मला वाटायचं, सिस्टरांचा दबदबा आहे म्हणून ऐकतात. तुमचं निदान वेगळं होतं: "तुला दिसतं, पण तोंडातून निघत नाही. आणि जे निघत नाही त्याचा पोराला काय उपयोग?"

मग चहाच्या वेळेत तुम्ही माझ्याकडून घोटून घेतलंत. आता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, मला काय हवं. ही चार पायऱ्यांची पद्धत अमेरिकन नौदलातून रुग्णालयांत आली. मला मात्र ती तुमच्या आवाजातच पाठ आहे. "डॉक्टर, खाट नऊ, सहा वर्षांचा मुलगा, डेंग्यूचा पाचवा दिवस. ताप सकाळी उतरला. आता पाय गार, नाडी १४०, बीपी ९० बाय ७४. मला शॉकची सुरुवात वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघा." बाकी सगळं जमायचं, शेवटच्या वाक्याला घसा कोरडा पडायचा. तुम्ही डॉक्टर व्हायचात, मुद्दाम "बघतो नंतर" म्हणायचात, आणि मी न डगमगता पुन्हा "आत्ता" म्हणेपर्यंत सोडायचा नाहीत.

तुमची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येक उणिवेच्या मागे तुम्ही लागला नाहीत. १२ मेच्या परिचारिका दिनाला मला स्टेजवर बोलता येत नाही, तर "राहू दे, त्याने कुणाचं सलाईन थांबत नाही" म्हणालात. जी उणीव रुग्णाला बाधते ती गेलीच पाहिजे, बाकीच्यांची घाई नाही, हा तुमचा हिशेब. मी आजही त्याच हिशेबाने चालते, आणि तो मला स्वतःशी दयाळू आणि कामाशी कडक असा दोन्ही वाटतो.

माझी एक बॅचमेट इंग्लंडला नर्स आहे. तिथे दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना स्वतःच्या कामावर विचार करून लिहिलेली पाच टिपणं असावी लागतात, २०१६ पासून तसा नियमच आहे. तिला मी तुमच्या तीन प्रश्नांबद्दल सांगितलं, तर म्हणाली, "तुला वाचणारी इन्चार्ज मिळाली गं." खरंच आहे. लिहायला कुणीही सांगेल. बदल्या, रजा, औषधांचा साठा, नातेवाइकांची भांडणं हे सगळं सांभाळून तुम्ही माझं वेडंवाकडं अक्षर वाचत बसलात, आणि त्याबद्दल मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे.

सध्याचं सांगायचं तर डॉक्टरांना फोन मी करते आणि ते येतात. कुणी ड्युटी बदलून मागितली की नाही म्हणणं अजून जमत नाही, त्यावर काम चालू आहे. वॉर्डात दोन नव्या मुली आल्यात. एकीचा हात कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी, लावताना इतका हलका आहे की पिवळी चोवीस नंबरची सुई तान्ह्या बाळाला लावताना बाळ जेमतेम कुरकुरतं. तिला वाटतं, त्यात काय विशेष. तिला मी वही आणायला सांगितली आहे. गणपतीत तुम्ही मुंबईला आलात की तिची पानं तुम्हाला दाखवीन, माझं काही सुटत असेल तर सांगा.

तुमची,
बालरोग वॉर्डातली स्टाफ नर्स