विषय : पैसे भरलेल्या खात्याला आयपी पत्त्याची मर्यादा लावल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

सांगलीतल्या बेदाणा व्यापाऱ्यांसाठी मी बिलिंगचे छोटे सॉफ्टवेअर चालवतो. बिलावर टाकलेला जीएसटी क्रमांक खरा आहे का, हे तुमच्या एपीआयकडून, म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरने तुमच्या सर्व्हरला थेट विचारायच्या सोयीतून, तपासून येते. त्यासाठी दरमहा पैसे भरतो. दरपत्रकात लिहिले आहे, ‘प्रत्येक खात्याला तासाला ५,००० रिक्वेस्ट’.

गेल्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ४२९, म्हणजे ‘फार रिक्वेस्ट झाल्या’ असे सांगणारा एरर कोड, यायला लागला. किती सेकंद थांबायचे ते सांगणाऱ्या रिट्राय-आफ्टरमध्ये ३६००, म्हणजे तासभर गप्प बसा. त्याच वेळी तुमच्या डॅशबोर्डवर माझा त्या तासाचा वापर दिसत होता ३१२. इकडे गाडी भरून उभी, बिल निघेना, आणि व्यापारी फोनवर माझा उद्धार करतोय.

शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. तीच एपीआय की (खाते ओळखायची गुप्त अक्षरमाला), तोच कोड, आणि पहिलीच रिक्वेस्ट गेली. तेव्हा उलगडा झाला. आमच्या इमारतीत सात ऑफिसांत मिळून एकच फायबर लाइन आहे, त्यामुळे बाहेरून सगळ्यांचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एकच दिसतो. खालच्या क्लासमधला एक मुलगा तुमची फुकट चाचणी एपीआय की न वापरता, लूपमध्ये (पुन्हा पुन्हा आपोआप) चालवत होता. त्याने स्वतःच सांगितले, बिचारा ओशाळला. त्याची चूक नाही. तुमचा सर्व्हर एपीआय की बघण्याआधीच आयपीवरून रिक्वेस्ट मोजतो, म्हणून त्याचा वापर माझ्या बोकांडी बसला.

तिकिटावर उत्तर आले, ‘मर्यादा ओलांडली आहे, मोठा पॅक घ्या.’ मोजणी माझ्या खात्याची होतच नाही, तर मोठ्या पॅकने काय होणार?

की नसेल तर आयपीवरच मोजावे लागते, हे मान्य. चुकीच्या की मारून बघणाऱ्यालाही तसेच रोखावे. पण गिटहब ही प्रोग्रामरांची कोड ठेवायची साइटसुद्धा लॉगिनशिवाय आयपीमागे तासाला ६० रिक्वेस्ट देते आणि लॉगिन केल्यावर वापरकर्त्यामागे ५,०००. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे असल्याने इंटरनेट कंपन्याही असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवतात; माझी इमारत काही जगावेगळी नाही. ४२९ हा कोड २०१२ च्या आरएफसी ६५८५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातला. वापरकर्ता कसा ओळखायचा, हे त्यात ठरवून दिलेले नाही. म्हणजे हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे.

तेव्हा की वैध असेल तर मोजणी खात्यावरच करा. ४२९ देताना मर्यादा खात्याची की आयपीची, एवढे तरी उत्तरात लिहा. माझे दोन तास नुसते स्वतःचा कोड तपासण्यात गेले. आणि त्या दिवसाचे पैसे पुढच्या बिलातून वळते करा. डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही लाइनींवरचे लॉग सोबत जोडले आहेत. आठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, आणि ते लॉग उघडून बघितलेल्या माणसाचे असावे.

कळावे,
आपला ग्राहक