धुरावलेल्या मासळीची उपेक्षा

जपानी खाद्यमहोत्सवावरील रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. सुशीवर रकाने भरले, पण सुक्या मासळीचा स्टॉल ‘उग्र वासाचा’ म्हणून एका वाक्यात निकालात काढला, हे पटले नाही. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. ‘सुरुमे’ म्हणजे सुकवलेला माकूळ. निखाऱ्यावर जरा शेकून हाताने धागे सोडवत खायचा. आधी चामड्यासारखा चिवट, मग चावता चावता गोडसर. (दातांची खात्री असलेल्यांनीच वाटेला जावे.)

खरे कसब ‘कात्सुओबुशी’चे. कुप्याच्या जातीतला मासा उकडून, काटे काढून, लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा सुकवतात. तो इतका टणक होतो की कापा रंध्याने काढाव्या लागतात. त्याच्या चवीमागचे द्रव्य जपानी संशोधक शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्येच ओळखले. आपले बोंबील, सोडे उन्हात सुकतात. इथे धुराचीही जोड असते. जवळ्याची चटणी आवडीने खाणाऱ्या वाचकांना हे सांगायला हवे होते. सुशी काय, आता मॉलमध्येही मिळते.

– एक वाचक, ठाणे